चलानावरचा संसार

नाटक ठरलं की मंडळात प्रत्येकाला भूमिका हवी असते. भूमिका हुकली तर निदान संगीत, नाहीतर लाइटच्या बटणांवर हात. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणारं सामान, मात्र कुणी मागून घेत नाही. ती माझ्या गळ्यात पडली, कारण माझ्याकडे गाडी आहे आणि बँकेतल्या नोकरीमुळे मी पावत्या सांभाळून ठेवते. दोन्ही गोष्टी खऱ्या, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं, गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी. काळ डिसेंबर १९६१. फोंड्याजवळचं एक खेडं, खात्यापित्या घराची वसरी, म्हणजे ओसरी, आणि भारतीय सैन्य गोव्यात यायच्या आधीचे दिवस. सेट एकच, माणसं मोजकी. ऐकायला सोपं वाटतं. पण संहितेतून सामानाची यादी काढायला बसले तेव्हा कळलं की ज्या घरात माणसं जेवतात, पत्रं लपवतात, चोरून रेडिओ ऐकतात आणि शेवटी पोर्तुगीज शिपायाला दार उघडतात, त्या घराला किती काय काय लागतं.

पात्र जी वस्तू हातात घेतं ती हॅन्ड प्रॉपर्टी, नुसती मांडून ठेवायची ती सेट प्रॉपर्टी. हातातल्या प्रत्येक वस्तूपुढे मी रकाने पाडले: कोण आणतं, कुठल्या विंगेतून, कुठे ठेवतं आणि पुढच्या प्रवेशाला ती कुठे असायला हवी. शेवटचा रकाना सगळ्यात त्रासाचा. पहिल्या अंकात आजी पानाचा डबा आत घेऊन गेली आणि दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा काका वसरीवर बसून त्याच डब्यातली सुपारी कातरतायत, तर मधल्या काळोखात तो डबा कुणीतरी बाहेर आणून ठेवला पाहिजे. लेखकाला याची काही फिकीर नसते.

निम्मी यादी गावातच भागली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत इथे देवळादेवळांत उत्सवी नाटकं होतात, त्यामुळे शेजाऱ्यांकडे काही मागायला गेलं तर कुणी दचकत नाही. समई, पाट, तांब्याची घागर, अडकित्ता, सगळं आलं. अडलं ते टेबल, लांब हातांची आरामखुर्ची, रेडिओ, बंदूक आणि त्या काळच्या किरकोळ गोष्टींवर. म्हणून सामान भाड्याने देणारं गोदाम.

हे गोदाम म्हणजे एका बंद पडलेल्या भातगिरणीची शेड. मालकांना सगळे भाई म्हणतात. त्यांच्या वडिलांचा धंदा पडद्यांचा होता. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, देवळाचा पडदा. गावच्या मंडळाने तारीख सांगायची की हे पडदे, झालरी, विंगा आणि बांबू गाडीत टाकून हजर. ड्रेपरीवाला, म्हणजे कपडेपट पुरवणारा, वेगळा, मेकअपवाला वेगळा, पण तिघांची गाठ अशी पक्की की एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळायचं. गोव्यातली उत्सवी रंगभूमी या लोकांच्या खांद्यावर उभी आहे. स्मरणिकेत त्यांचं नाव शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली असतं. पुढे रंगवलेल्या पडद्यांऐवजी तीन भिंतींचे बॉक्ससेट आले, त्यांच्या भिंतींचे फ्लॅट आणि उंचवट्यांच्या लेव्हल्स आल्या. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला आला, त्यासाठी सरकारची एंटरटेनमेंट सोसायटी उभी राहिली, शूटिंगच्या परवानग्या एका खिडकीवर मिळू लागल्या, तशी भाईंच्या शेडमध्ये खुर्च्या-कपाटांची गर्दी वाढत गेली. राजवाड्याचा पडदा अजून आहे. गुंडाळून आढ्याला टांगलाय, उंदरांपासून वाचवायला.

मी यादी पुढे केली. भाईंनी ती वाचलीच नाही. "बाय, हॉल खंयचो?" मी म्हटलं फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर. मग विचारलं, "आणि यातलं काय काय पात्र उचलतं?" वस्तू कोणती हवी हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं.

त्याचा अर्थ मला रेडिओपाशी कळला. शेल्फवर तीन व्हॉल्व्ह रेडिओ होते. पहिला चकचकीत, सगळी बटणं जागेवर, मागचा पुठ्ठासुद्धा मूळचा. मी त्याच्याकडे हात नेला तर म्हणाले, तो कॅमेऱ्याचा. दुसऱ्याला बटण एकच आणि कापड फाटलेलं. तिसरा आतून पूर्ण पोकळ, लाकडी पेटी तेवढी खरी, उचलला तर चपलांच्या खोक्याइतका हलका. "तुमचा हा. तिसऱ्या प्रवेशात शिपाई येतो म्हणून मुलगा रेडिओ उचलून आत पळतो ना? खरा व्हॉल्व्ह रेडिओ घेऊन पळून दाखवू दे."

मग त्यांनी वायरीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, १९६१ साली या गावात वीज होती? नव्हती. संहितेत सगळे कंदील. मग रेडिओ ड्राय बॅटरीवर चालणारा हवा. आतून एक लाकडी ठोकळा आणला, त्यावर जुन्या बॅटरीसारखं लेबल डकवलेलं, वायर कापून त्याला जोडून दिली. पण दिग्दर्शकाला डायलचा पिवळा उजेड हवाच होता. काळोखात चेहऱ्यावर पडणारा. मी भाईंना म्हटलं, बॅटरीच्या रेडिओत असा दिवा ठेवत नसत ना, बॅटरी वाचावी म्हणून? ते हसले. "सहसा नसायचा. शूटिंग असतं तर मी दिलाच नसता, एखादा जाणकार लगेच पकडतो. पण तुमच्या दहाव्या रांगेतल्या माणसाला उजेड दिसला नाही, तर रेडिओ लागला हे त्याला कळणार कसं?" पेटीच्या आत छोटा एलईडी आणि दोन पेन्सिल सेल बसवून मिळाले. वीज नाही म्हणून वायर तोडणारा माणूस दिव्याचं खोटं खुशाल चालवून घेतो, याची मला तेव्हा गंमत वाटली. नंतर पटलं. नाटकात वस्तूने काम केलं पाहिजे. कॅमेऱ्यापुढे ती स्वतः खरी ठरली पाहिजे.

त्या रेडिओवर आमच्या नाटकातलं घर जे ऐकतं ते 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. १९५५च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे केंद्र सीमेपलीकडच्या जंगलातून चालवत होते, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. हे ऐकणं म्हणजे पोलीस दारात. म्हणून रेडिओ हे आमच्याकडे सामान नव्हतं, एक पात्रच होतं, आणि त्याच्यावर वेळ खर्च करणं भाग होतं. विजेवरच्या रेडिओत व्हॉल्व्ह तापायला काही सेकंद लागतात, मगच आवाज येतो; बॅटरीवरचा त्याहून लवकर लागतो, पण नाटकाला तो थांबा हवा होता. ध्वनीवाल्या पोराला हे माहीत नव्हतं. तो बटण फिरवल्याबरोबर खरखर सुरू करायचा. त्याला भाईंच्या चालू रेडिओसमोर नेऊन बसवलं.

बाकीच्या यादीवर भाईंनी अशी काही कात्री चालवली की मला बँकेतल्या ऑडिटची आठवण झाली. आमच्या पोरांनी वडिलांच्या हातात द्यायला घरातला जुना, पिवळा पडलेला 'गोमन्तक' आणला होता. दैनिक 'गोमन्तक' सुरू झाला १९६२ साली, मुक्तीनंतर. तो बाद. वडील लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेले, म्हणजे घरात पोर्तुगीज पेपर येणार. 'ओ हेराल्डो' १९००पासूनचा आणि १९८३पर्यंत पोर्तुगीजच होता, पण खऱ्या पेपराचं नाव छापायला भाईंनी मनाई केली. उद्या कुणी शूटिंगला वापरलं तर परवानगीचं लफडं. शेवटी आम्ही पोर्तुगीज वाटेल असं भलतंच नाव घेतलं आणि फोंड्यातल्या एका प्रेसमधून न्यूजप्रिंटवर काही प्रती छापून घेतल्या. आत तोच मजकूर चार वेळा. जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. त्यातली गोम माहीत नसते: चहात बुडवून वाळवलेला कागद भयंकर वाजतो. तालमीत वडिलांनी पान उलटलं आणि आजीचं वाक्य गडप. मग बुडवणं बंद, स्पंजने फक्त कडा ओल्या केल्या आणि पान अर्धवट ओलं असतानाच वजनाखाली दाबून ठेवलं. कुरकुर बरीच कमी झाली.

पैशांचंही तसंच. संहितेत काका शिपायाला "पाच रुपये" देतात. १९५९ साली गोव्यात रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या हिशेबाने. म्हणून नोटासुद्धा तीसच्या, साठच्या. लेखकाने वाक्य बदलून "तीस एस्कुदो" केलं, आणि काका मात्र हिशेब अजून रुपियात करतात अशी एक छान जागा त्याला फुकट मिळाली. नोट आम्ही हिरवट कागदावर नुसतीच नक्षी काढून केली. हल्लीच्या नोटांसारखा दिसणारा कागद भाई शेडमध्ये ठेवतच नाहीत. नोटेसारखं काही छापणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि शूटिंगनंतर अशा गड्ड्या बाजारात फिरल्या की आधी गोदामवाल्याला बोलावणं येतं. त्यांच्याकडे गड्डी असते ती वरखाली कोऱ्या कागदाची आणि बाजूने रंगवलेली; बॅगेत भरलेली दाखवायला तेवढी पुरते.

चहाच्या डब्यावरून माझं आणि त्यांचं थोडं वाजलं. मला भारतातल्या एका जुन्या कंपनीचा सुंदर पत्र्याचा डबा सापडला होता. भाई म्हणाले, १९५५नंतर भारताने नाकेबंदी केली होती, तिकडचा चहा येणार कुठून? त्या वर्षांत गोव्यात सिलोनचा चहा, हॉलंडचे बटाटे, जपानचं सिमेंट येत होतं. मी म्हटलं, दहाव्या रांगेतून डब्यावरचं नाव कुणाला दिसणार? माझ्याच तोंडून त्यांचा नियम ऐकून ते गप्प झाले. डबा मिळाला, फक्त लेबलाची बाजू भिंतीकडे.

पोर्तुगीज शिपायाची रायफल लाकूड आणि फायबरची. खरी, निकामी केलेली बंदूकसुद्धा ते बाळगत नाहीत. शूटिंगला तसलं हत्यार लागलं तर तो परवानेवाल्या माणसाचा मामला. आमची खोटी रायफलही त्यांनी गोणपाटात गुंडाळून दिली, वर मंडळाच्या लेटरहेडवर पत्र मागून घेतलं, आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवू नकोस, डिकीत ठेव म्हणून बजावलं. रात्री तालमीहून परतताना नाक्यावर टॉर्च मारून कुणी विचारलं तर पत्र दाखवायचं.

मी तिथे असतानाच एकदा मुंबईहून आलेला एका वेब सीरिजचा असिस्टंट आर्ट डायरेक्टर गोदामात हिंडत होता. कोवळा पोरगा, गळ्यात मापाची टेप, हातात मोबाइल. बरोबर सेटिंगवाले दादा. त्यांची खरेदी पाहण्यासारखी असते. तो प्रत्येक वस्तूचे चार बाजूंनी फोटो काढत होता, उंची-रुंदी लिहीत होता आणि फुटण्यासारखी प्रत्येक गोष्ट दोन-तीन नग मागत होता. एकाच प्रसंगाचं शूटिंग आज आणि पुन्हा आठवड्याने झालं तर टेबलावरचा कप तिथेच, तसाच हवा. बाटल्यांची लेबलं झाकायची किंवा खोटी लावायची, कारण कुठल्याही ब्रँडचं नाव फ्रेममध्ये फुकट दिसता कामा नये. खुर्चीला त्याने नख लावून पाहिलं. भाई लगेच म्हणाले, हिच्यावर रंग मारायचा नाही. जुनं दाखवायचं असेल तर मुलतानी माती, चहाचं पाणी, मेण. पुसलं की गेलं पाहिजे. एका शूटिंगवाल्यांनी शिसवी कपाटाला एजिंग म्हणून डांबरासारखं काहीतरी फासलं होतं, ते भाईंना अजून डोळ्यासमोर दिसतं.

कुणीतरी डोक्यात फोडायची बाटलीही त्याने विचारली. साखरेच्या पाकाची बाटली ही जुनी पद्धत, पण आमच्या हवेत साखर ओल धरते. सकाळी ओतलेली बाटली दुपारी हाताला चिकटते आणि फुटायच्या ऐवजी वाकते. म्हणून रेझिनच्या बाटल्या मुंबईहूनच येतात. जास्तीचं सामानही तिथून ट्रकने, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यावरून येतं. विक्रीचा माल नसला तरी किंमत पन्नास हजारांवर गेली की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, आणि चलानावर प्रत्येक नग लिहायला लागतो. ट्रक भरायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ चलान लिहायला, असं दादा म्हणाले.

भाड्याचा हिशेबही दोघांना वेगळा. नाटकाला प्रयोगावर भाडं, आणि रंगीत तालमीचा दिवस त्यात धरलेला. शूटिंगला दिवसावर, शिवाय वस्तूची किंमत धरून डिपॉझिट. जो चांगला रेडिओ मला मिळाला नाही तो त्या पोराने नेला, आमच्या पोकळ रेडिओच्या कितीतरी पट दराने. उत्सवी नाटकाला भाई जेवढ्यास तेवढंच घेतात. त्यांच्याच शब्दांत, "जत्रेचे पैसे जत्रेत जातात, सीरिजचे पैसे पत्र्यावर." म्हणजे शेडच्या छपरावर.

छपराचा खर्च खरोखरच मोठा आहे. जून ते सप्टेंबर हा धंदा म्हणजे पावसाशी कुस्ती. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चिऱ्यांच्या भिंती पाणी पितात, म्हणून एकही वस्तू भिंतीला टेकवलेली नाही. वीतभर मोकळी जागा सोडलेली. जमिनीवर काही नाही, सगळं फळ्यांवर, आणि फळ्या विटांवर. फळ्यांच्या पायांना काळपट तेल फासलेलं, वाळवीसाठी. लोखंडी सामानाला तेलाचा हात, कापडाच्या पेट्यांत डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला. कपाटांची दारं मुद्दाम उघडी, कारण बंद कपाटात आठवड्याभरात बुरशी धरते. चामड्याच्या वस्तू सगळ्यात वाईट. सूटकेसी, घोड्याचं जीन, पट्टे. श्रावणात उघाड पडली की शेडसमोरच्या अंगणात सगळं चामडं उन्हाला काढतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तेच चाललं होतं. एक मुलगी कापसाच्या बोळ्याने टेलिफोनच्या डायलमधला एकेक गोल पुसत होती, अंगठ्याने प्रत्येक भोकातून बोळा फिरवत, आणि पुसून झाला की डायल शून्यापासून फिरवून सोडत होती. तो परत येताना अडकतो का, हे ऐकायला. अडकला तर बाजूच्या टोपलीत.

जुन्या मूर्तींना तिथे वेगळं फळकूट आहे. चॅपेलमधले संत, लाकडी देवदूत, दीपलक्ष्मी. सगळे फायबरचे. शंभर वर्षांवरची अस्सल मूर्ती म्हणजे कायद्याने पुरावस्तू, ती भाड्याच्या गाडीतून फिरवायची नाही, एवढं भाईंना पक्कं ठाऊक आहे. मोडणाऱ्या जुन्या घरांतून त्यांना दारं, खिडक्या, शिंपल्यांची तावदानं बोलावून देतात. मूर्ती दिसली की हात लावत नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत एका टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि प्रत्येक वस्तूभोवती मार्करने रेघ मारली. अडकित्त्याची आकृती, पत्राची, पेपराची, कपांची, आत नाव आणि पात्र. आकृती रिकामी दिसली की वस्तू रंगमंचावर आहे किंवा कुणाच्या तरी खिशात. ही युक्ती मी जगभरच्या नाटकवाल्यांकडून उचललेली. स्वतःची म्हणून सांगत नाही. हॉलमध्ये ज्योत चालत नाही, म्हणून कंदिलांत बॅटरीचे लुकलुकणारे दिवे घातले. काजू फेणी म्हणून नुसतं पाणी. प्रयोग सुरू व्हायच्या आधी भाईंना एका दौऱ्यावरच्या नाटकाचा फोन आला होता, मडगावच्या रवींद्र भवनातून: व्हीलचेअर मुंबईतच राहिली, संध्याकाळपर्यंत मिळेल का? मिळाली. असे फोन त्यांना नवीन नाहीत.

रेडिओ लागला, पिवळा उजेड पडला, काही सेकंद काहीच नाही, मग खरखर. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. काय ते विंगेतून ऐकू आलं नाही. शिपाई दारात आला तेव्हा गडबडीत आत पळणाऱ्या मुलाचा धक्का लागून चिनीमातीचा एक कप खरोखरच फुटला. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला. आजीने त्याच सुरात "वेच रे तुकडे" म्हणून वेळ निभावली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र चलानाची ती ओळ: कप, सहा नग.

दुसऱ्या दिवशी सामान परत केलं. भाई चलान घेऊन बसले, ती मुलगी एकेक वस्तू उचलून नाव वाचायची, ते टिक मारायचे. आरामखुर्चीखाली हात घालून वेताची वीण तपासली. रेडिओतले सेल काढून मला परत दिले. सेल राहिले की गळतात आणि पेटी खराब करतात. कपापाशी थांबले. सहाचा संच पाचाचा झाला की कॅमेऱ्याच्या कामाचा राहत नाही, एवढंच म्हणाले. मी पैसे काढायला पर्स उघडली तर त्यांचं लक्ष आमच्या पेपरच्या गठ्ठ्याकडे. पान उलटून पाहिलं, पुन्हा एकदा उलटलं, कानाजवळ धरून. "वाजत नाही हा." पुढच्या महिन्यात एका शूटिंगवाल्याला साठच्या दशकातल्या घरात पेपर हवेत, म्हणाले. कपाचे पैसे राहू दे, हे ठेव इथे.

पावती घेतली. जत्रेत याच नाटकाचा प्रयोग करायचा विचार आहे, तेव्हा ते पेपर आम्हाला लागतील असं मी सहज म्हटलं. लागतील तर मिळतील, भाई म्हणाले, पण आता ते गोदामाचे. प्रयोगाचं भाडं पडेल.